नदीची दरड वाचणारा सहप्रवासी

परभणी जिल्ह्यात गंगाखेडला गोदावरीला 'गंगा'च म्हणतात. शाळेची सहल तिथे गेली की मुलं देवदर्शन करतात, घाटावर डबे खातात आणि परततात. नदीकाठच्या दरडीत मातीचे थर उघडे पडलेले असतात, पण तिकडे बोट कोण दाखवणार? डेक्कन कॉलेजचे भूशास्त्रज्ञ शरद राजगुरू यांच्या कामाचा विचार करताना आम्हाला हा प्रश्न टाळता येत नाही.

राजगुरूंची कारकीर्द पुरातत्त्वज्ञांच्या संगतीत घडली. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी नद्यांच्या काठाने हिंडून अश्मयुगीन हत्यारं शोधत. हत्यार सापडलं की विचारलं जाई: ते ज्या थरात होतं, तो थर केव्हाचा? कसा साचला? याचं उत्तर मोहिमेतल्या भूशास्त्रज्ञानं द्यायचं. सहप्रवाशांना माती वाचायला शिकवणं हे राजगुरूंचं मोठं काम, असं आम्ही मानतो.

एक उदाहरण पाहू. भरपूर पाऊस म्हणजे भरपूर गाळ, असं आपण सहज म्हणतो. वायव्य दख्खनच्या नद्यांविषयी विश्वास काळे आणि राजगुरू यांनी १९८७ साली 'नेचर'मध्ये मांडलेलं चित्र वेगळं आहे. कोरड्या काळात उतारांवरची झाडी विरळ होते, माती सुटते. पण नदी दुबळी असल्यानं तिला ती पुढे नेता येत नाही आणि थर चढत जातात. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस वाढला, तेव्हा नद्यांनी आपलाच जुना गाळ कापला. दरडी उरल्या त्या अशा.

हे लक्षात ठेवण्याजोगं आहे, पण पाठ करण्याजोगं नाही. वायव्येकडचा निष्कर्ष गंगाखेडला जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. तिथे जाऊन तपासावा लागेल. शिवाय प्रत्येक दरडीचं कारण हवामानच असेल असंही नाही. जमिनीच्या हालचालींचाही विचार करावा लागतो.

जुन्नरजवळच्या बोरी गावी कुकडी नदीच्या काठी सापडलेल्या ज्वालामुखीय राखेची गोष्ट याहून बोलकी आहे. १९८९ साली राजगुरू आणि सहकाऱ्यांनी तिचं वय सुमारे १४ लाख वर्षं दिलं. १९९५ मध्ये त्यांच्याच गटानं ते सुमारे ६.७ लाखांवर आणलं. इतरांच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, फक्त ७५,००० वर्षांपूर्वीची राख होती. वाद पुढेही चालला. पुरावा बदलला की आकडा बदलायचा, हा धडा आम्हाला त्या आकड्यांहून मोलाचा वाटतो.

आमची तक्रार आहे ती इथे. हे ज्ञान संशोधकांपर्यंत पोचलं, पण वर्गातली नदी अजून बाल्य, तारुण्य, वार्धक्य या तीन पायऱ्याच उतरते आहे. दोष एकट्या राजगुरूंचा नव्हे, आम्हा सर्व संशोधकांचा आहे. शोधनिबंध छापला की काम संपलं, असं आम्ही धरून चालतो.

शिक्षकांनी मात्र आमची वाट पाहू नये. पुढच्या सहलीत दरडीपासून सुरक्षित अंतरावर मुलांना बसवा, दरड ढासळते. दिसतील ते थर खालून वर काढायला सांगा. गोटे कुठे, बारीक गाळ कुठे, चुनखडीचे खडे कुठे? पाणी जोरात कधी असेल? उत्तर चुकलं तरी चालेल. ते कशावरून दिलं, एवढं मात्र नक्की विचारा.