परदेशातील पहिले दिवस आणि मराठी लेखणी

दिलसुखनगरच्या हमरस्त्यावर मेट्रोच्या खांबांखालून चालू लागले की शिकवणीवर्गांच्या आणि परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळवून देणाऱ्या सल्लागारांच्या पाट्या दोन्ही बाजूंनी अंगावर येतात. माझे वकिलीचे टेबल याच वस्तीत. मुलाचा सर्व खर्च आपण सोसू, असे प्रतिज्ञापत्र करून घेण्यासाठी बापांची येथे रीघ असते. दोन वर्षांपूर्वी तसलेच एक प्रतिज्ञापत्र मी माझ्या पुतणीसाठी केले. ती जर्मनीला गेली. रोज रात्री फोन येई, “सगळे ठीक आहे, काका.” पहिले आठ दिवस ती गादीवाचून जमिनीवर झोपली आणि पाव खाऊन राहिली, हे तिने तीन महिन्यांनी हसत हसत सांगितले.

त्या हसण्याने मला कपाटातील जुनी पुस्तके काढावयास लावली. घटनेच्या ओघातच निघालेले उद्गार कायदा विश्वासार्ह धरतो. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याचे सहावे कलम ते हेच, आणि 2023 च्या नव्या अधिनियमात ते चौथे झाले आहे. या न्यायाने ताजे पत्र श्रेष्ठ आणि मागाहून लिहिलेले आत्मचरित्र दुय्यम ठरावे. पण तो न्याय येथे टिकला नाही, हे आरंभीच कबूल करतो.

आनंदीबाई जोशी 4 जून 1883 रोजी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. प्रथम न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंचे घर, मग शरद ऋतूत फिलाडेल्फियाचे वैद्यकीय महाविद्यालय. त्यांची पत्रे काशीबाई कानिटकरांनी 1912 च्या चरित्रात दिली, हे त्यांचे मोठेच ऋण. परंतु ही पत्रे कोणाला लिहिली होती? ज्याने शिकविले, ज्याने पाठविले आणि ज्याच्या लेखणीला दूषणे देण्याची सवय होती त्या पतीला. अशा वाचकापुढे ठेवलेले पत्र कितीही ताजे असले तरी ते निम्मे कैफियतच असते. आणि तरीही याच पत्रव्यवहारात, लहानपणी नवऱ्याने केलेली मारहाण त्यांनी अमेरिकेतून त्याच्याच पुढ्यात शब्दांत मांडली आहे. मी शोधीत होतो परक्या देशातील पहिले दिवस. हाती आले ते घरचे दिवस, पण समुद्रापलीकडून पाहिलेले. नवऱ्याच्या समोर बसून हे लिहवले असते असे मला वाटत नाही. श्री. ज. जोशी यांच्या 1968 च्या ‘आनंदी गोपाळ’ने आनंदीबाईंना घराघरांत पोहोचविले, हे खरे, तथापि ती एका जोडप्याची कथा आहे, आणि परक्या शहरातील खोलीत एकटी बसलेली विद्यार्थिनी तिच्यात मागे पडते.

पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ही 1883 चाच. तो स्वदेशीयांनी वाचावा म्हणून छापलेला वृत्तान्त आहे. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी तेथे आत्महत्या केली, हे ठाऊक झाल्यावर मात्र तो दुसऱ्यांदा वाचताना हात थबकतो.

राहिले धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवाळचा हा गृहस्थ 1899 च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत तो 1902 मध्ये कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पोहोचला. घरात कोकणी, लेखणीत मराठी, पोथीत पाली, आणि ती पालीही सिंहली लिपीत! ‘निवेदन’ पुस्तकरूपाने आले ते 1924 मध्ये. म्हणजे साक्षीदार बऱ्याच वर्षांनी पिंजऱ्यात उभा राहिला. पण त्याच्यापुढे ना पती, ना धनी. काशीच्या अन्नछत्रातले जेवण, प्रवासखर्चासाठी पसरलेला हात, मनाची डळमळ, सारे एका सुरात, पराक्रमाचा लवलेशही न आणता. मला हा साक्षीदार अधिक खरा वाटतो. उणीव एकच, पण लहान नव्हे: साखवाळला राहिलेल्या पत्नीची बाजू आपल्याला तिच्या तोंडून ऐकावयास मिळत नाही.

तेव्हा ‘केव्हा लिहिले’ यापेक्षा ‘कोणासाठी लिहिले’ हा प्रश्न मी आता आधी विचारतो. खर्च सोसणाऱ्या काकाला रोज रात्री खुशालीच कळणार, यात पुतणीचा दोष तो काय? मी तिला फोनवर खोदून विचारणे सोडले आणि सवडीने कधी तरी लिहून पाठव, एवढेच म्हटले. गेल्या महिन्यात चार पाने आली. त्यांत जर्मनी तिसऱ्या पानावर येते. आरंभ आहे तो चैतन्यपुरीतील आमच्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरापासून, आणि पहिल्याच पानावर माझ्याविषयी पाच ओळी आहेत. त्या मी अद्याप घरात कोणाला दाखविलेल्या नाहीत.