मैनेचे दागिने आणि एक छत्री

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीविषयी दोन समजुती सर्रास ऐकू येतात. पहिली अशी की, ही मुळात विरहाची लावणी. गर्दी धरून ठेवण्यासाठी शाहिराने तिला पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचाराची जोड दिली. दुसरी अशी की, मैना म्हणजे बेळगाव-कारवारचा सीमाभाग. बायको हे केवळ रूपक. पहिल्या समजुतीत राजकारण उपरे ठरते, दुसरीत बाई नाहीशी होते. छक्कड अथपासून इतिपर्यंत सलग वाचली, तर दोन्हींना आधार मिळत नाही, असे माझे मत आहे.

आधी पार्श्वभूमी. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी झाला. पोटासाठी हे कुटुंब मुंबईला आले, तेही पायी. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. माटुंग्याचा लेबर कॅम्प, घाटकोपरचे चिरागनगर हा त्यांचा मुंबईतला मुलूख. त्यांच्यापुढे बसणारा श्रोता बहुतांशी कामगार होता. घाटावरून किंवा कोकणातून आलेला, खानावळीत जेवणारा, एका खोलीत दहाजणांबरोबर पाळीपाळीने झोपणारा. त्याची बायको गावी. म्हणजे या श्रोत्याला मैना कोण, हे समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

लावणीत विरह बहुधा बाईच्या तोंडी असतो. धनी मुलूखगिरीवर गेलेला, ती वाट पाहणारी. अण्णा भाऊंनी हा संकेत उलटवला. इथे सोडून गेलेला पुरुष बोलतो. आणि तो स्वारीवर गेलेला नाही; गरिबीने त्याला घराबाहेर काढले आहे, असे तो स्वतःच सांगतो.

आता मूळ मुद्दा. मैनेच्या रूपाचे वर्णन करता करता कवी तिला रामाची सीता म्हणतो. ऐकणारा हे शब्द नेहमीचे कौतुक म्हणून सोडून देतो. पण बऱ्याच पुढे, चळवळीच्या भागात, रावणाचे राज्य येते, जळणारी लंका येते, निकुंबळेला मारला गेलेला इंद्रजित येतो. आणि त्यांच्या पंक्तीला मोरारजी देसाई व स. का. पाटील बसवले जातात. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला तेव्हा मोरारजी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, हे लक्षात घेतले की ही उपमा श्रोत्यांना कुठे जाऊन भिडत असेल ते कळते. पण उपमेचे काम एवढ्यावर संपत नाही. रामायणात लंका जळते, रावण पडतो आणि सीता परत मिळते. इथे लंका जळाली, गुढी उभारली गेली, तरी सीतेची भेट नाही. पहिल्या भागात पेरलेले बी शेवटच्या भागात असे उगवते. शेपटी नंतर जोडली असती तर हे जमले नसते.

दुसरा पुरावा दागिन्यांचा. गावाच्या वेशीपाशी मैनेचा चेहरा उतरतो. तिला हसवण्यासाठी तो तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नथ असे एकेक कबूल करत जातो. सभागृहात या यादीला हमखास टाळ्या पडतात, जणू नटलेली मैनाच समोर उभी आहे. पण तिच्या अंगावर यातला एकही डाग नाही. ही सगळी बोली आहे, उधारी आहे. मग तो मुंबईत येतो. तिथेही एक यादी आहे: हडसनची गाडी, तलम साड्या, माड्यांवर माड्या. तिच्या अखेरीस तो स्वतः पावसात भिजतो आहे, कारण त्याला एका छत्रीचीही वानवा आहे. पहिली यादी दुसरीशेजारी ठेवली की कर्ज किती आणि ऐपत किती, हे कोणी न सांगता कळते. अर्थशास्त्राचा एक धडा अण्णा भाऊंनी दागिन्यांच्या नावांत बसवला आहे.

अशी युक्ती एकट्या मराठी शाहिराची नव्हे. १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर ब्रिटनमध्ये ‘शिपबिल्डिंग’ हे गाणे गाजले. शब्द एल्व्हिस कॉस्टेलोचे, चाल क्लाइव्ह लँगरची, आवाज रॉबर्ट वायटचा. युद्धामुळे बंद पडत आलेल्या गोदीला काम मिळणार. त्यातून बायकोला कोट येईल, पोराला सायकल येईल. आणि त्याच गोदीतल्या जहाजांवरून गावची पोरे मरायला जातील. तिथेही राजकारण घरातल्या वस्तूंमधून बोलते. फरक असा की कॉस्टेलो शत्रूचे नाव घेत नाही, अण्णा भाऊ नावानिशी घेतात. ते गाणे एकट्याने ऐकायचे, हे मैदानात, हजारोंनी.

तिसरा पुरावा शेवटाचा. आज आपण ऐकतो त्या पाठात बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्यांच्या ताब्यात राहिल्याची तक्रार आहे. बेळगाव-कारवार १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेले, डांग आणि उंबरगाव १ मे १९६० रोजी गुजरातेत. म्हणजे हा शेवट राज्यनिर्मितीच्या नकाशाशी जुळतो. मुंबई मिळाल्याचा आनंद आणि जिवाची तगमग इथे एका दमात येतात. खंडित महाराष्ट्राची गत मैनेसारखी झाली, असे कवी म्हणतो. ही तुलना दोन्हीकडून वाचावी लागते. सीमाभाग मैनेसारखा आहे. पण मैनाही अजून गावीच आहे. राज्य झाले, ताटातूट संपली नाही.

एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे. एवढ्या मोठ्या छक्कडीत मैनेच्या तोंडी एक शब्द नाही. ती रुसते, हसत नाही, हात उंचावून उभी राहते. वचनांची खैरात ऐकून तिचा चेहरा खुलत नाही, हेच तिचे उत्तर मानले तर ती नवऱ्यापेक्षा शहाणी ठरते. पण ते आपण तिच्या वतीने काढलेले अनुमान झाले.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, पुढच्याच महिन्यात अमर शेख. त्याच वर्षी माथाडी कायदा झाला. पुढे घाऊक बाजार मुंबईतून वाशीला आले आणि सातारा-सांगलीकडचे माथाडीही आले. कोपरखैरणे, घणसोलीला त्यांची घरे झाली, कित्येकांच्या मैना इथे नांदायला आल्या. छक्कडीतली तगमग कुठे शमली असेल तर ती अशा ठिकाणी, कायद्याने आणि संघटनेने. नवी मुंबईत राहून मी हे रोज पाहतो. पण याच शहरात बांधकामावर येणाऱ्या मजुराची बायको आजही मराठवाड्यात, बिहारमध्ये किंवा ओडिशात असते. आणि सीमाभागासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा अजून निकालाची वाट पाहतो आहे.

महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमांत मी ही छक्कड पुष्कळदा ऐकली. बहुतेक वेळा दागिने ठेवतात, छत्री गाळतात. जयजयकार ठेवतात, तगमग गाळतात. वेळेचे कारण सांगितले जाते. पण गाळलेल्या त्या चार-दोन ओळींतच हे गीत आपल्याकडे काहीतरी मागते. तेवढ्या म्हटल्या नाहीत, तर उरतो तो नुसता सत्कार, आणि मैनेचे देणे तसेच राहते.