बियाणे पेरणे म्हणजे नक्कल करणे काय?

पेटंट, म्हणजेच एकस्व, हा समाज आणि संशोधक यांच्यातील एक करार असतो. संशोधकाने आपले ज्ञान दडवून न ठेवता सर्वांसमोर मांडायचे आणि त्या बदल्यात समाजाने त्याला २० वर्षे मक्तेदारी द्यायची. यंत्रांच्या बाबतीत हा करार बऱ्यापैकी चालतो. विकत घेतलेला पंप आपला असतो. तो वापरा, दुरुस्त करा किंवा विका. पंपापासून नवा पंप उगवत नाही. बियाण्यापासून मात्र नवे बियाणे तयार होते आणि नेमका तेथेच घोटाळा सुरू होतो.

लातूर जिल्ह्यातील देवणी तालुका घ्या. खरिपात येथे सोयाबीन मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. सोयाबीनमध्ये स्वपरागीभवन होते, म्हणून एका पिढीतले गुण पुढच्या पिढीत जवळजवळ तसेच उतरतात. त्यामुळे शेतकरी घरचे बियाणे राखून ठेवू शकतो. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायची. ७० किंवा अधिक दाणे उगवले, तर बियाणे पेरण्याजोगे समजायचे.

हेच काम अमेरिकेत गुन्ह्यासारखे ठरले. इंडियाना राज्यातील व्हर्नन बोमन या शेतकऱ्याने धान्याच्या कोठारातून साधे सोयाबीन विकत घेऊन पेरले. त्यातील बरेच दाणे मॉन्सॅन्टो कंपनीचे, तणनाशक सहन करणारे जनुक असलेले होते. त्याने पिकातून बियाणे राखले आणि पुढील हंगामांत पेरले. कंपनीने दावा लावला. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की पेरणी करणे म्हणजे एकस्व असलेल्या वस्तूची नवी प्रत बनवणे होय. दंड ८४,४५६ डॉलर!

आम्हाला या निकालातील विज्ञान खटकते. दाण्यातील हजारो जनुकांपैकी एखादे प्रयोगशाळेतून आले. बाकीची वनस्पती पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीतून आणि सार्वजनिक संशोधनातून घडली. तरीही मक्तेदारी मिळते ती जणू साऱ्या पिकावर.

आपल्या देशाने येथे शहाणपण दाखवले आहे. एकस्व कायद्याचे कलम ३(ज) वनस्पती, प्राणी आणि बियाणे यांना एकस्व नाकारते. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क शेतकऱ्याला दिला. फक्त संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

पण कागदावरचा हक्क शेतात पोहोचतोच असे नाही. कपाशीचे पाहा. बोंडअळीला मारणारे जनुक जालन्याच्या महिको कंपनीच्या भागीदारीतून २००२ साली आपल्याकडे आले, ते मुख्यतः संकरित वाणांतून. संकरित वाणाचे बी पुन्हा पेरले, तर पुढच्या पिढीत गुण विस्कटतात. म्हणजे कायद्याने हक्क दिला तरी पाकीट दरवर्षी विकतच घ्यावे लागते आणि पूर्वी प्रत्येक पाकिटामागे जनुकाचे शुल्कही द्यावे लागे. २०१६ साली केंद्र सरकारला ४५० ग्रॅमच्या पाकिटावरचे हे शुल्क ४९ रुपयांवर बांधून द्यावे लागले.

जनुकावरचे एकस्व भारतात वैध आहे का, हा प्रश्न न्यायालयात गेला. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते अवैध ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून पुरावे तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. त्याच वर्षी एकस्वाची मुदत संपली, २०२१ साली पक्षांनी तडजोड केली आणि मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. दरम्यान २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. अळीने प्रतिकारशक्ती कमावली होती!

एकस्व नसेल तर संशोधनावर पैसा कोण घालणार, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण मराठवाड्यात पेरले जाणारे सोयाबीनचे अनेक वाण परभणी आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी, जनतेच्या पैशातून दिले. देवणीचे नाव दूरवर नेणारा गोवंशही शेतकऱ्यांनीच निवडीने जोपासला. संशोधकाला मोबदला अवश्य मिळावा, पण तो पहिल्या विक्रीपाशी संपावा. पुढच्या पिढीच्या दाण्यावर मालकी शेतकऱ्याचीच असली पाहिजे.

वर्गात बीजांकुरणाचा धडा शिकवताना गोणपाटाचा प्रयोग जरूर करावा. अंकुर मोजून झाले की मुलांना विचारावे : हे अंकुर कोणी बनवले?