संशय फक्त चिंध्यांवर

थॉमस बार्नार्डो यांनी १८७० साली लंडनच्या स्टेप्नी भागात निराधार मुलांसाठी वसतिगृह काढले. १८७४ मध्ये तिथे स्वतंत्र छायाचित्रण विभाग सुरू झाला. देणग्या मिळाव्यात म्हणून संस्था ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी कार्डे विकत असे. एकात फाटक्या कपड्यांतले अनवाणी मूल, दुसऱ्यात तेच मूल नीटनेटक्या वेषात, कामाला लागलेले. वीस कार्डांचा संच पाच शिलिंगांना आणि सुटे कार्ड सहा पेन्सांना मिळे.

१८७७ मध्ये बार्नार्डोंवरचे आरोप लवादापुढे गेले. मुलांचे कपडे मुद्दाम फाडले, दोन्ही चित्रे एकाच दिवशी काढली, असे आक्षेप त्यांत होते. लवादाने त्यांना बहुतांशी दोषमुक्त केले, पण अशा रचलेल्या छायाचित्रांवर ठपका ठेवला.

या प्रकरणावर बरेच लिहिले गेले आहे. त्यात भर असतो तो चिंध्या खऱ्या होत्या की खोट्या, यावर. माझा आक्षेप वेगळा आहे. ‘नंतर’चे चित्रही त्याच स्टुडिओत, त्याच हेतूने मांडलेले होते. धुतलेला चेहरा आणि नवा गणवेश एवढ्यावरून मुलाचे भले झाले असे आपण धरून चालतो. त्याची झोप, मार, आजारपण, घरच्यांची आठवण यांतले काहीच त्या चित्रात येत नाही. दुःखाच्या चित्राकडे पुरावा मागणारे आपण सुधारणेच्या चित्राकडे तो मागत नाही.

याच विभागाने दुसरेही काम केले. १८७४ ते १९०५ या काळात मुलांची पंचावन्न हजारांवर छायाचित्रे घेतली गेली. त्यांतली बरीचशी नोंदीसाठी होती. या चित्रांना नाटक नाही. समोर बघणारा चेहरा आणि त्याच्याशी जोडलेली नोंद, इतकेच. संस्थेने हजारो मुले कॅनडाला पाठवली. आज त्यांच्या नातवंडा-पतवंडांना पूर्वजाचा बालपणीचा चेहरा दिसतो तो या रुक्ष नोंदींमुळे. देणगीदारासाठी काढलेल्या चित्रापेक्षा कार्यालयासाठी काढलेले चित्र मुलाच्या जास्त उपयोगी पडले.

हा निकष आपल्याकडेही लावून पाहावा. वसतिगृहांचे जुने अहवाल आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका चाळल्या, की एक ओळखीचे चित्र भेटते. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर अध्यक्ष, देणगीदार आणि पाहुणे. मागे उभी किंवा पायाशी मांडी घालून बसलेली मुले. खाली पाहुण्यांची नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने छापलेली असतात, आणि मुलांसाठी ‘विद्यार्थ्यांसमवेत’ हा एकच शब्द. रुग्णालयांच्या चित्रांत खाटांवरच्या रुग्णांचेही तेच होते. चित्र खरे असते, कपडेही कोणी फाडलेले नसतात. तरी ज्यांच्यासाठी संस्था उभी राहिली तेच त्यात अनोळखी राहतात.

त्या रांगांतली काही मुले आज सत्तरी-ऐंशीत असतील. अशी स्मरणिका ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी ती त्यांच्यापुढे धरावी आणि मागच्या रांगेतली नावे पेन्सिलीने लिहून घ्यावीत. या कामाला फार वर्षे उरलेली नाहीत.