एकत्र वाचायचं, पण एकमतानं नव्हे

आजचा प्रश्न साधा दिसतो. पेण किंवा रोह्याच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आलेल्या सगळ्या मुलामुलींनी, मग शाखा कोणतीही असो, एकच पुस्तक वाचायचं ठरलं, तर ते कोणतं असावं? अमेरिकेतल्या अनेक महाविद्यालयांत अशी पद्धत आहे. आपल्याकडे पुस्तकं शाखेप्रमाणे वाटली जातात. बी.कॉम.चा मुलगा आणि बी.एस्सी.ची मुलगी कॅन्टीनमध्ये एका पुस्तकावरून भांडतायत, हे दृश्य विरळाच. ते दिसावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

नावं सुचवा म्हटलं की आधी आपल्या मातीतली माणसं आठवतात. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सांगितलेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली ‘गीताप्रवचने’ लगेच पुढे येते. रोह्यात चिंतामणराव देशमुखांचं नाव निघतं, पण त्यांचं आत्मचरित्र इंग्रजीत आहे. ‘श्यामची आई’ तर आहेच. ही पुस्तकं मोठी आहेत, याबद्दल आमचं दुमत नाही. अडचण वेगळीच आहे. त्यांच्याशी वाद घालायला अठरा वर्षांचं पोर धजत नाही. नमस्कार करतं आणि पुस्तक मिटून ठेवतं.

म्हणून आम्ही सुचवतो ‘माझा प्रवास’. लेखक विष्णुभट गोडसे, राहणार वरसई, तालुका पेण. घरावर कर्ज होतं, म्हणून हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेनं १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडात सापडला. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला, तेव्हा तो शहरातच होता. कामधंद्यासाठी गाव सोडणं आपल्या मुलांना नवीन नाही. पहिल्या पानापासून त्यांना हा माणूस ओळखीचा वाटेल.

पण निवडीचं खरं कारण हे नव्हे. हा साक्षीदार एकाच वेळी भरवशाचा आहे आणि नाहीही. झाशीची लूट तो हिशेबनिसासारखी सांगतो: आधी सोनंनाणं, मग भांडी, कापड, धान्य. तिथे आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. बंडाची कारणं सांगताना मात्र ऐकीव बातमी खरी धरून चालतो. मोबाइलवर रोज अशाच बातम्या वाचणाऱ्या मुलांना हा फरक शोधायला लावणं, हाच पहिला धडा.

दुसरा धडा विहिरीचा. काल्पीच्या वाटेवर तहानलेली राणी लक्ष्मीबाई विहिरीपाशी भेटते. गोडसे पाणी काढायला उठतात, तर ती त्यांना थांबवते: विद्वान ब्राह्मणानं आपल्यासाठी पाणी शेंदावं, हे तिला बरं वाटत नाही. ती स्वतःच पाणी काढते. गोडसे हे भारावून लिहितात. आपणही भारावतो. पण याच जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर, १९२७ साली माणसांना पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. ते ठाऊक असलेली मुलगी हा प्रसंग कसा वाचेल? राणीची नम्रता आणि त्या नम्रतेमागची उतरंड, दोन्ही तिला दिसतील. वर्गात तिनं हे बोलून दाखवलं, तर आमच्या मते पुस्तकाची निवड सार्थकी लागली.

‘एका भिक्षुकाचं पुस्तक सगळ्यांचं कसं होईल?’ हा आक्षेप रास्त आहे. आगरी, कोळी, कातकरी, बौद्ध, मुसलमान घरांतली मुलं इथे शिकतात, आणि गोडश्यांच्या नजरेत त्यांच्या पूर्वजांना फारशी जागा नाही. ती रिकामी जागा दाखवून द्यायला मोकळीक असेल, तरच हे पुस्तक द्यावं. गावचा अभिमान म्हणून द्यायचं असेल, तर देऊच नये.

राहता राहिली भाषा. वाक्यं लांब आहेत, तिथी-शके आहेत. एकट्यानं वाचणारा अडखळेल, म्हणून मोठ्यानं, गटात वाचावं. सगळं पुस्तक नको. झाशीचा भाग पुरे. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली फेरफार करून छापलेला पाठ आणि दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेला मूळ पाठ, यांतली दोन-दोन पानं शेजारी ठेवावीत. काय गाळलं, काय बदललं, का, हे मुलांनीच शोधावं. छापलेला शब्दही कुणीतरी निवडलेला असतो, हे पहिल्या वर्षीच कळलं, तर पुढची सगळी पुस्तकं ती अधिक डोळसपणे वाचतील.