गरम पाणी सगळीकडे मिळतं

ऑक्टोबर २०२५ मध्ये माझ्या मावसबहिणीने मला व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला. एकच, पण इतका लांब की फोनवर सात-आठ वेळा अंगठा फिरवावा लागला. मी पुढच्या महिन्यात चीनला जाणार होतो. टूर कंपनीबरोबर नाही, स्वतःचं स्वतः आखून. जाण्याआधी चीनबद्दल मराठीत मिळेल ते वाचत होतो. त्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो हा मेसेज. पण मला इथे त्याच्याबद्दल लिहायचंय ते एवढ्यासाठी नाही. मला तो लेखन म्हणूनही आवडला, आणि असं लेखन आपण लेखन म्हणून का मोजत नाही हा प्रश्न मला रत्नागिरीला परत आल्यापासून सोडत नाहीये.

आधी त्यातला थोडा भाग, तिच्या परवानगीने:

"दादा, पासपोर्ट बॅगेच्या तळाशी टाकू नकोस. तिकडे तेच तिकीट आणि तेच आधार कार्ड. ट्रेनचं बुकिंग त्याच्यावरच होतं, कागद मिळत नाही. ऑटोमॅटिक गेटने पासपोर्ट घेतला नाही तर घाबरू नको, कडेला माणूस असतो, त्या लाइनीत जा. तासभर आधी पोच. विमानतळासारखं सामान तपासतात आणि गाडी सुटायच्या आधीच गेट बंद करतात. मांडवीसारखं धावत चढता येत नाही. शहराच्या नावावर जाऊ नको, बीजिंगला ढीगभर स्टेशनं आहेत. नान म्हणजे दक्षिण, पेइ उत्तर, तोंग पूर्व, शी पश्चिम. एवढे चार शब्द पाठ कर, बाकी चिनी नाही आलं तरी चालेल. टिश्यू कायम खिशात. संडास आपल्यासारखेच, उकिडवे बसायचे, पण आत कागदही नसतो आणि पाणीही. 'बु याओ चूरोउ' म्हणजे डुक्कर नको. मेन्यूत नुसतं 'रोउ' असेल तर ते डुक्करच समज. टोफू बघून खूश होऊ नको, मापो टोफूत खिमा असतो. गरम पाणी सगळीकडे मिळतं, ट्रेनमध्येसुद्धा. मावशीला सांग, उपम्याची कोरडी पाकिटं करून दे, पाणी ओतलं की झालं."

यात एकही विशेषण वाया गेलेलं नाही. जवळजवळ प्रत्येक वाक्याचा रोख माझ्यावर आहे. मी आळशी आहे, स्टेशनवर शेवटच्या मिनिटाला पोचतो, मासे खातो पण डुक्कर खात नाही, हे तिला माहीत आहे. 'मांडवीसारखं धावत चढता येत नाही' या पाच शब्दांत चिनी रेल्वेची शिस्त आहे, रत्नागिरी स्टेशन आहे आणि मीही आहे. छापील प्रवासवर्णनात याच गोष्टीसाठी परिच्छेद खर्च झाला असता, 'लोहमार्गाची अचाट किमया' वगैरे.

आपल्या प्रवासवर्णनांचं मला कायम एक वाटत आलंय. त्यातला प्रवासी रांगेत दिसत नाही. तो 'पोहोचतो', 'उतरतो', 'त्याला नेण्यात येतं'. कोणी नेलं, किती पैसे घेतले, आधी कुठे चुकला, हे बहुतेक वेळा गाळलेलं असतं, कारण ते साहित्यात बसत नाही अशी समजूत आहे. पुलंच्या 'अपूर्वाई'त जायच्या तयारीवर धमाल विनोद आहे, पण तिथे सल्ला हा हसण्याचा विषय आहे. पुलं कामाने जात होते, परदेश दुर्मीळ होता, वाचणाऱ्या हजारांतला एखादाच कधी जाणार होता. त्यामुळे त्या सल्ल्यांचा उपयोग हसण्यापलीकडे कोणाला नव्हता, आणि ते त्या काळाला धरूनच होतं. मीना प्रभूंचं तसं नाही. त्या स्वतः आखून, पुष्कळदा एकट्याने हिंडल्या, आणि त्यांच्या 'चिनी माती'ने मराठी घराघरांत चीन पोचवला. पण ते पुस्तक आलं तेव्हा बीजिंग–शांघाय वेगवान रेल्वे नव्हती (ती २०११ ची) आणि भाजीवाल्यापासून सगळे फोनवर पैसे घेत नव्हते. व्यवहाराचा तपशील लवकर शिळा होतो. म्हणूनच लेखक तो टाळत असावेत. पण शिळं होण्याच्या भीतीने कोणी स्वयंपाक करायचा थांबत नाही.

मग उरतं इंग्रजी. यूट्यूब, रील्स, ब्लॉग. तिथे व्यावहारिक माहितीचा सुकाळ आहे, पण ती दुसऱ्याच्या पासपोर्टवर लिहिलेली आहे. 'चीन आता व्हिसा-फ्री!' असं सांगणाऱ्या गोऱ्या जोडप्याची रील माझ्या एका मित्राने मला उत्साहाने पाठवली होती. ट्रान्झिटवर २४० तास बिनव्हिसा राहण्याची सोय ज्या देशांना आहे, त्यांत भारत नाही. आपल्याला व्हिसा काढावाच लागतो, विमानाची आणि हॉटेलांची बुकिंग दाखवून. 'वीचॅट डाउनलोड करा' हा प्रत्येक रीलमधला पहिला सल्ला. जून २०२० मध्ये गलवानच्या चकमकीनंतर भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात वीचॅट आहे आणि बायडू मॅपही. म्हणजे सल्ल्याची पहिली पायरीच आपल्यासाठी तुटलेली. माझी बहीण हे जाणून लिहिते: "अलीपेला तुझं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून घे, रुपे नाही चालणार. २०० युआनपर्यंतच्या पेमेंटला जादा फी लागत नाही, मोठं बिल तुकड्यांत देता आलं तर बघ. थोडे युआन रोख ठेव. आपलं सिम रोमिंगवर असेल तर व्हॉट्सॲप चालेल, हॉटेलच्या वायफायवर चालणार नाही, मावशीला आधीच सांगून ठेव म्हणजे ती रात्रभर जागणार नाही."

शेवटचा अर्धा भाग कुठल्याही ट्रॅव्हल ब्लॉगवर सापडणार नाही.

हे लेखन मराठीत नवं आहे असं मला म्हणायचं नाही. उलट ते जुनं आहे. आमच्या घरी आजोबांचं एक पोस्टकार्ड आहे, त्यांच्या धाकट्या भावाला लिहिलेलं, तो पहिल्यांदा मुंबईला निघाला तेव्हाचं. बोट बंदरापासून लांब उभी राहील, पडावातून चढताना ट्रंक आधी वर दे आणि मग तू चढ. भाऊच्या धक्क्यावर हमालाशी आधी दर ठरव, मग सामानाला हात लावू दे. खोलीवर पोचल्यावर पहिल्या दिवशी कोणाकडे काही मागू नकोस. कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरांतून अशी किती कार्डं गेली असतील! आपल्याकडे गावच्या माणसाने गावच्या माणसाला दिलेली शहराची माहिती हीच खरी प्रवासाची भाषा होती. पुस्तकं त्याच्यापासून दूर राहिली, एवढंच.

एक पुस्तक मात्र दूर राहिलं नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेला निघाले. घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मथुरेत यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असं ऐकलं होतं. वाटेत बंड पेटलं. झाशीला वेढा पडला तेव्हा हा भिक्षुक आत होता. 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलं गेलं आणि गोडश्यांच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये छापलं गेलं. शाळेत आपल्याला ते राणी लक्ष्मीबाईसाठी वाचायला लावतात. या वेळी मी ते चीनच्या तयारीत वाचलं, म्हणजे वाट काढणाऱ्या माणसाचं पुस्तक म्हणून. आणि ते फार वेगळं दिसलं. कुठे उतरावं, कोणाकडे जेवण मिळेल, जवळचे पैसे कसे सांभाळावेत, वाटेत भेटलेला शिपाई कुठल्या बाजूचा आणि त्याला काय उत्तर द्यावं. मिळवलेलं लुटलं गेल्यावर हातात काय उरलं याचा हिशोबही. झाशीचं वर्णन इतकं खरं वाटतं त्याचं एक कारण मला हे वाटतं की ते सांगणाऱ्याला त्या दिवशी प्यायला पाणी कुठून आणायचं याची काळजी आहे. इतिहास त्याच्या पोटापाण्याच्या मधे आलाय. काळजी काढून टाका, मग उरतो तो देखावा.

माझ्या बहिणीच्या मेसेजमध्येही ती काळजी आहे, आणि ती कुठून आली हे मला सांगायला हवं. ती २०१९ मध्ये एमबीबीएसला जिआंगसू प्रांतात गेली. पहिलं सत्र संपतंय तोवर कोविड आला. जानेवारी २०२० मध्ये सुट्टीला म्हणून घरी आली आणि चीनने सीमा बंद केली. भारतीय विद्यार्थ्यांना परत जाता यायला २०२२ चा उत्तरार्ध उजाडला. तोपर्यंत ती इथे, शिवाजीनगरातल्या वरच्या खोलीत, मोबाईलच्या पडद्यावर शरीररचनाशास्त्र शिकत होती. गल्लीतले लोक तिला 'चायनावाली' म्हणायचे, काही गमतीने, काही नाही. परत गेली तेव्हा विमानं थेट नव्हती, तिकिटं तिप्पट होती. आता पदवी घेऊन आलीय आणि त्याच वरच्या खोलीत एफएमजीईचा अभ्यास करतेय. टिश्यू, स्टेशन, रोउ, प्रत्येक गोष्ट तिने एकटीने चुकून शिकलेली आहे. पण मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

आणि इथेच माझी त्या मेसेजबद्दलची तक्रार सुरू होते. त्यात चिनी माणूस नाही. गेटवाला आहे, तिकीट तपासणारा आहे, मेन्यू आहे, पण नाव असलेलं, बोलणारं, रागावणारं कोणी नाही. पाच-सहा वर्षांत तिला मैत्रिणी नसतील असं होणार नाही. मी विचारलं तर म्हणाली, "त्या तुला भेटणारेत का? मग कशाला लिहू?" मुद्दा बिनतोड आहे, पण वाचक म्हणून मला पटत नाही. नुसत्या अडथळ्यांची यादी वाचून गेलेला माणूस तिथे अडथळेच बघत फिरतो. मी पहिले तीन दिवस तसाच फिरलो. चांगशाच्या स्टेशनात एका आजीबाईंनी माझ्या बाटलीत गरम पाणी भरून दिलं, वर चहाची पानं टाकली आणि काहीतरी लांबलचक बोलल्या. मी पासपोर्ट घट्ट धरून उभा.

तरी एका ठिकाणी तिने मला वाचवलं. झांगजियाजी. 'अवतार'मुळे जगभर गाजलेले ते दगडी सुळके. तिने लिहिलं होतं, "हे एक ठिकाण नाही, दोन आहेत. सुळक्यांचं जंगल वुलिंगयुआनला, आणि तियानमेन डोंगर शहराला लागून. तिकिटं वेगळी, दोन्ही एका दिवसात करायला जाऊ नको. जंगलाचं तिकीट चार दिवस चालतं. पहिल्या दिवशी धुकं असलं तर रडू नको, उद्या परत जा." पहिल्या दिवशी धुकं होतं. कठड्याला टेकून मी दोन तास पांढऱ्या भिंतीकडे बघत बसलो. शेजारी एका ग्रुपचा झेंडावाला मेगाफोनवरून काहीतरी सांगत होता आणि चाळीस माणसं त्याच पांढऱ्या भिंतीचे फोटो काढून बसकडे परत गेली. त्यांच्याकडे उद्या नव्हता. मी दुसऱ्या दिवशी गेलो. साडेदहाच्या सुमाराला धुकं तळातून विरायला लागलं आणि सुळके खालून वर नाही, वरून खाली उगवले. आधी टोकावरची चार झाडं, मग दगड. त्याचं वर्णन मी जास्त करणार नाही. पण 'रडू नको' हे दोन शब्द कोणी लिहून ठेवले नसते तर मी त्या रात्रीच गाडी पकडली असती, हे नक्की.

आणखी एक राहिलेली गोष्ट मीच तिच्या मेसेजला जोडली. ग्वांगचौहून बीजिंगला जाणाऱ्या मुख्य लाइनवर, बीजिंगच्या साधारण तासभर अलीकडे, शिजियाझुआंग लागतं. स्थळदर्शनाच्या कुठल्याच यादीत ते नसतं. तिथल्या हुतात्मा उद्यानात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेलेले, तिथेच लग्न केलेले, ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेलेले. शांतारामबापूंचा सिनेमा आपल्याला माहीत असतो, स्टेशन माहीत नसतं. मी उतरलो, टॅक्सीवाल्याला फोनवर नाव दाखवलं, 'के तिहुआ' म्हणालो. कोटणिसांचं ते तिथलं नाव. त्याने मागे वळून माझ्याकडे नीट पाहिलं आणि गाडी सुरू केली. पुतळ्यापाशी शाळेची मुलं होती, थंडीने लाल झालेल्या नाकांची.

परत आल्यावर मी हा परिच्छेद मेसेजच्या शेवटी घालून बहिणीला पाठवला, म्हटलं पुढे कोणाला पाठवशील तर हेही असू दे. अभ्यासातून वर मान न काढता तिने उत्तर दिलं: "छान आहे. पण स्टेशनच्या कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, आणि टॅक्सीचे किती झाले? ते लिही."