हमीदचा चिमटा आणि मूरेचा दरवाजा

सणासुदीच्या खरेदीवर टीका करणे हा आपल्याकडचा जुना आणि बिनखर्चाचा उद्योग आहे. बोनस हाती पडला की दुकानांपुढे गर्दी होते, आणि गर्दी झाली की तिला हसणारे लेखही निघतात. या लेखांतली बाई नेहमी तीच: सवलतीची पाटी दिसली की भान हरपणारी. तिचा नवराही तोच: पिशव्या वाहणारा आणि मनातल्या मनात बेरजा करणारा. हसून झाले की लेख संपतो. पण त्या बाईने वर्षभर काय काय घ्यायचे पुढे ढकलले होते, आणि ती ज्या दारात चेंगरते तिथे गर्दी कोणी घडवून आणली, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

साहित्यात मात्र हे प्रश्न विचारले गेले आहेत. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला याची एक कादंबरी १८८३ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्या नावाचा अर्थ ‘स्त्रियांचे सुख’ असा आहे, आणि हे नाव आहे पॅरिसमधल्या एका अवाढव्य दुकानाचे. ‘बाँ मार्शे’सारख्या खऱ्याखुऱ्या दुकानांत हिंडून, टिपणे काढून झोलाने ते उभे केले. त्याचा मालक ऑक्ताव्ह मूरे. एक रेशीम तो तोट्यात विकतो. कारण त्या रेशमासाठी आत आलेली बाई आणखी चार वस्तू घेतल्यावाचून बाहेर पडणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. मोठ्या विक्रीच्या तोंडावर तो दुकानातल्या विभागांची नीट लागलेली मांडणी उलटीपालटी करतो, म्हणजे गिऱ्हाईक शोधीत शोधीत सगळे दुकान फिरेल. आणि अगदी दारातच तो स्वस्त मालाच्या टोपल्या मांडतो. हेतू हा की दारात चेंगराचेंगरी व्हावी आणि रस्त्यावरच्या माणसाला आत दंगाच उसळला आहे असे वाटावे.

या दुकानाचे बळी झोलाने मोठ्या बारकाईने रंगवले आहेत. मादाम मार्तीचा नवरा आमच्याच धंद्यातला, शिक्षक. तिच्या खरेदीची तोंडमिळवणी करण्यासाठी तो बिचारा शिकवण्या करीत फिरतो. मादाम बूर्दले मात्र व्यवहारी. खरोखर स्वस्त असेल तेवढेच घेणारी. पण मुलांच्या कपड्यांचा विभाग निघतो आणि तीही सापडते. आईला पकडायचे तर मुलाच्या हातून पकडावे, हे मूरेने ओळखलेले असते.

इथे झोलाचा एक दोषही सांगितला पाहिजे. मूरेचा हिशेब तो थंडपणे मांडतो, पण बायकांची हौस मात्र तापासारखी, एखाद्या रोगासारखी रंगवतो. त्यामुळे पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या मनात तो ताप राहतो आणि हिशेब विसरला जातो. आपले विनोदी लेखही हेच करतात. फरक इतकाच की झोलाने तो हिशेब निदान लिहून तरी ठेवला.

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा १९३३ सालची. शाळेच्या हिंदी पुस्तकांतून ती अनेकांनी वाचली असेल. ईदच्या जत्रेत इतर मुले मातीची खेळणी आणि मिठाई घेतात. पोरका हमीद आपल्या तीन पैशांत आजीसाठी लोखंडी चिमटा घेतो. वर्गात ही कथा शिकवताना आम्ही मास्तर मंडळी बहुधा त्यागाचा धडा देऊन मोकळे होतो. पण प्रेमचंदांनी संन्यासी रंगवलेला नाही. हमीदला खेळणी हवी असतात. एक मित्र रेवडी पुढे करून स्वतःच खाऊन टाकतो, तेव्हा तो हिरमुसतो. आणि चिमटा घेताना तो चक्क घासाघीस करतो. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो. हमीद तीन म्हणतो आणि पुढे चालू लागतो. दुकानदार त्याला परत बोलावतो.

हे ‘पुढे चालू लागणे’ मला फार महत्त्वाचे वाटते. हमीद स्वस्ताईच्या विरुद्ध नाही. पण त्याच्या डोक्यात आधी आजीची पोळणारी बोटे आहेत, किंमत मागून आली. मूरेच्या दारात किंमत आधी भेटते आणि गरज मागून शोधावी लागते. शिवाय हमीदला पाठ फिरवायला जागा आहे. मूरेची सारी कला ती जागा नाहीशी करण्यात आहे.

ही जागा गेली म्हणजे काय होते, ते २००८ साली अमेरिकेत दिसले. तिथे नोव्हेंबरातल्या आभारदिनाच्या दुसऱ्या दिवशी सवलतींची मोठी झुंबड उडते. त्या वर्षी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पहाटे दुकान उघडताना लोंढ्याने दरवाजा मोडला आणि एक कामगार पायांखाली चिरडून मेला. वर्तमानपत्रांत गर्दीच्या हावरेपणाची चर्चा झाली. तीही व्हावी; पण मोजक्या वस्तूंवर मोठी सवलत लावून ती ठरावीक घटकेलाच देण्याची योजना गर्दीने केली नव्हती.

आता तर दारही उरले नाही. आपल्याकडे २०१४ पासून दसरा-दिवाळीच्या सुमारास मोबाईलवरचे विक्री-महोत्सव गाजू लागले. पडद्यावर घड्याळ उलटे पळते, ‘दोनच नग शिल्लक’ अशी अक्षरे झळकतात. यातले काही खरेही असते. जे खोटे असते त्याची दखल सरकारलाही घ्यावी लागली: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांना मनाई केली, आणि त्या यादीत पहिला आहे खोटी निकड भासवण्याचा. मूरेची टोपली शेवटी कायद्याच्या पुस्तकात आली म्हणायची!

तेव्हा टीका जरूर करावी. पण ती टोपली मांडणाऱ्यावर आधी करावी. वर्षभर पैपै राखून सणाला कुकर नाहीतर मुलाला बूट घ्यायला रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला हसणे सोपे आहे. हमीदचा चिमटा पाहून त्याची आजी अमीनाही आधी संतापली होती. एवढ्या जत्रेत दुसरे काहीच मिळाले नाही का, असे तिने विचारले. पण निदान तिने विचारले, आणि पोराचे उत्तर ऐकून घेतले. आपल्या टीकाकारांनी तेवढे केले तरी या दिवाळीला पुष्कळ झाले.